पडद्यावरचा आलेख आणि कानातला स्वर : संगीतशास्त्राच्या वर्गात संगणक

(व्याख्यानाचा मजकूर)



संगीताच्या परीक्षेचे दोन भाग असतात हे सर्वांना ठाऊक आहे. एक क्रियात्मक आणि दुसरा शास्त्राचा. शास्त्राच्या उत्तरपत्रिकेत विद्यार्थी सुवाच्य अक्षरात लिहितो : राग भूप, थाट कल्याण, मध्यम व निषाद वर्ज्य, जाती औडव-औडव, वादी गंधार, संवादी धैवत, गानसमय रात्रीचा पहिला प्रहर. पुढच्या पानावर तोच विद्यार्थी देशकाराची माहितीही तितक्याच बिनचूकपणे लिहितो : थाट बिलावल, वादी धैवत, संवादी गंधार, गानसमय सकाळ. त्याला पूर्ण गुण मिळतात. आणि त्याच दिवशी कोणी देशकाराची ध्वनिमुद्रिका लावली, तर तो निःशंकपणे सांगतो, "हा भूप." पाच स्वर तेच आहेत, तेव्हा त्याचे म्हणणे पाठ केलेल्या माहितीला धरूनच असते. वादी धैवत म्हणजे काय, हे त्याने लिहिलेले असते. ऐकलेले मात्र नसते.

उत्तरपत्रिका आणि कान यांच्यामधले हे अंतर हाच आजचा विषय होय. संगीतशास्त्राच्या वर्गात संगणक आणावा की नाही, आणल्यास त्याच्याकडून कोणते काम घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर या अंतराच्या संदर्भातच शोधावे लागते. संगणकामुळे तेच पाठांतर रंगीत चित्रांसह होणार असेल, तर त्यावरचा खर्च वाया गेला असे समजावे. परंतु पुस्तकातील विधान खरे आहे की नाही, हे विद्यार्थ्याला स्वतः पडताळून पाहता येणार असेल, तर ते यंत्र वर्गात असणे अगत्याचे आहे.

मुळात शास्त्र जन्माला आले तेच निरीक्षणातून. पार्श्वदेवांचा 'संगीतसमयसार' किंवा चौदाव्या शतकातील सुधाकलशांचा 'संगीतोपनिषत्सारोद्धार' हे जैन आचार्यांचे संगीतविषयक ग्रंथ अभ्यासकांना परिचित आहेत. पार्श्वदेवांनी आपल्या ग्रंथात प्रत्यक्ष व्यवहारातील देशी संगीताला प्रमुख स्थान दिले. लोक काय गातात आणि कसे गातात हे पाहून मगच नियम सांगावा, ही दृष्टी त्यामागे दिसते. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनीही हाच मार्ग अनुसरला. त्यांनी देशभर प्रवास केला, निरनिराळ्या घराण्यांच्या गायकांना ऐकले, बंदिशी मिळविल्या, त्या स्वरलिपीत उतरविल्या आणि त्यानंतर रागांची दहा थाटांत मांडणी केली. थाटपद्धती ही ऐकलेल्या सामग्रीची वर्गवारी होती. ती पाठ करण्याचे कोष्टक झाली, ती पुढे.

दुसरीकडे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि गुरूच्या घरातली विद्या शाळेच्या वर्गात आली. १९३१ मध्ये अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना झाली. अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रमाणपत्रे यांची घडी बसली. या व्यवस्थेचे उपकार फार मोठे आहेत. ज्यांच्या घरात सात पिढ्यांत कोणी गायले नव्हते, अशा मुलामुलींच्या हाती स्वर आले. परंतु वर्ग म्हटला की फळा आला, वही आली आणि एका शिक्षकापुढे तीस-चाळीस विद्यार्थी आले. गुरूच्या समोर बसून जी गोष्ट हजार वेळा ऐकून कळत असे, ती एका तासिकेत व्याख्येच्या रूपाने द्यावी लागली. फळ्यावर 'ग' लिहिता येतो. पण भूपातला ग आणि देशकारातला ग यांतला फरक फळ्यावर लिहिता येत नाही.

या अडचणीवर यंत्राचा उपाय शोधण्याची कल्पना नवी नाही, आणि तिचे एक मूळ महाराष्ट्रातच आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचा प्रश्न केवळ ग्रंथांच्या आधारे न सोडविता प्रत्यक्ष नाद मोजून सोडविण्याचा प्रयत्न केला. या प्रयोगांत त्यांना उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचे साहाय्य लाभले. १९१० मध्ये देवलांचे श्रुतींवरील इंग्रजी पुस्तक पुण्यातून प्रसिद्ध झाले. त्यांच्याबरोबर सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनीही या विषयात लक्ष घातले, आणि बावीस श्रुतींची खास पेटीही तयार करण्यात आली. त्यांचे सर्व निष्कर्ष पुढील अभ्यासकांनी मान्य केले असे नाही. १९६३ मध्ये नझीर जयराजभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी ध्वनिमुद्रणांतील स्वर मोजून दाखविले, की उत्तर हिंदुस्थानी गायक-वादकांचे स्वर कोणत्याही एका ठरीव कोष्टकात काटेकोर बसत नाहीत. एकाच कलावंताचा एकच स्वरही जागा बदलतो. म्हणजे मोजमाप सुरू झाले ते जुना सिद्धान्त सिद्ध करण्यासाठी, आणि त्यातून उलगडले ते गायनाचे अधिक सूक्ष्म रूप. मोजणाऱ्याने अशा उत्तरासाठी मनाची तयारी ठेवावी लागते. वर्गातील शिक्षकालाही ती ठेवावी लागेल.

पाश्चात्य देशांत संगणक संगीताच्या वर्गात आला तो १९६० नंतरच्या दशकात. १९६७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात वुल्फगँग कून आणि रेनॉल्ड ऑल्विन यांनी असा प्रयोग केला, की विद्यार्थ्याने समोरची स्वरावली पाहून गायची आणि त्याचे स्वर बरोबर लागले की नाही हे यंत्राने सांगायचे. पुढे १९७० च्या दशकात डेलावेअर विद्यापीठात फ्रेड हॉफस्टेटर यांनी 'गायडो' नावाची प्रणाली उभी केली. स्वरांतरे, स्वरसंघात, धुना आणि लय ऐकून ओळखण्याचा सराव तिच्यावर होत असे. तेथे हे काम तुलनेने सोपे होते, कारण त्या पद्धतीत प्रत्येक स्वर आपल्या ठरलेल्या पायरीवर उभा असतो. हिंदुस्थानी संगीतात स्वर पायरीवर उभा राहतोच असे नाही. तो शेजारच्या स्वराचा कण घेऊन येतो, मींडेने उतरतो, आंदोलित होतो. त्यामुळे येथे निराळी साधने लागली.

ती साधने घडविण्याच्या कामात मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राचा, म्हणजे एन.सी.पी.ए.चा, वाटा मोठा आहे. १९८० च्या दशकात फ्रेंच अभ्यासक बर्नार्ड बेल यांनी गाण्याचा आलेख काढणारे यंत्र तयार केले आणि त्यावर या केंद्रात काम झाले. पुढे सुवर्णलता राव आणि विम व्हॅन डर मीर यांनी एन.सी.पी.ए. व ॲम्स्टरडॅम विद्यापीठ यांच्या सहकार्याने रागांच्या ध्वनिमुद्रणांचे चलत् आलेख तयार केले. गाणे चालू असते आणि त्याचबरोबर पडद्यावर स्वराची रेषा चढत-उतरत जाते. या आलेखांसाठी 'प्रात' ही संगणक प्रणाली वापरली गेली. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील पॉल बूर्समा आणि डेव्हिड वीनिंक यांनी ती मानवी वाणीच्या अभ्यासासाठी तयार केली असून ती विनामूल्य मिळते.

बेल यांच्याच दुसऱ्या एका कामाची येथे आठवण करणे योग्य ठरेल. तबल्याचे अभ्यासक जेम्स किप्पेन यांच्यासह त्यांनी लखनौ घराण्यातील कायद्यांच्या रचनेचा शोध घेतला. उस्ताद आफाक हुसेन खाँ हे त्या घराण्याचे खलिफा. कायद्याचा विस्तार कोणत्या नियमांनी होतो हे संगणकाला शिकवायचे, मग त्याने स्वतः पलटे रचायचे, आणि ते पलटे घराण्याला मान्य होण्याजोगे आहेत की नाहीत हे जाणत्या वादकांनी सांगायचे, अशी ती पद्धत होती. तेथे संगणक विद्यार्थ्याच्या जागी बसला होता आणि परीक्षक उस्ताद होते. उस्तादाने पलटा नाकारला, की कुठला नियम चुकला किंवा कुठला नियम सांगायचाच राहिला हे शोधावे लागे. शास्त्राच्या वर्गात यंत्राचे स्थान कोणते असावे, याचा याहून चांगला वस्तुपाठ क्वचितच सापडेल.

आता प्रत्यक्ष वर्गात काय करता येते ते पाहू. त्यासाठी चार पाठ उदाहरणादाखल घेता येतील.

पहिला पाठ तंबोऱ्याचा. खर्जाची तार छेडली की तिच्यातून गंधार ऐकू येतो आणि त्याला स्वयंभू गंधार म्हणतात, हे पुस्तकात असते. बहुतेक विद्यार्थी ते विश्वासाने मान्य करतात, कारण त्यांना तो ऐकू येत नसतो. 'ऑडॅसिटी' ही विनामूल्य प्रणाली मे २००० पासून उपलब्ध आहे. तीत खर्जाच्या तारेचे ध्वनिमुद्रण करावे आणि त्याचे वर्णपटाचे चित्र पडद्यावर आणावे. एका तारेच्या नादात अनेक आडव्या रेषा एकावर एक रचलेल्या दिसतात. खर्ज १२० हर्ट्झचा असेल, तर या रेषा २४०, ३६०, ४८०, ६०० अशा चढत जातात. २४० म्हणजे मध्य षड्ज, ३६० पंचम, ४८० तार षड्ज आणि ६०० तार सप्तकातील गंधार. पाचव्या रेषेवर बोट ठेवून शिक्षकाने तो स्वर गुणगुणावा, मग पडदा बंद करावा आणि तार पुन्हा छेडावी. काय ऐकायचे हे आता कानाला समजलेले असते. बऱ्याच मुलांना तो गंधार अशा वेळी प्रथमच ऐकू येतो.

दुसरा पाठ स्वरस्थानांचा. षड्ज २४० हर्ट्झचा धरला, तर तंबोऱ्याशी जुळणारा शुद्ध गंधार त्याच्या सव्वापट, म्हणजे ३०० हर्ट्झ होतो. पेटीच्या किंवा कीबोर्डच्या पट्टीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. त्या हिशेबाने गंधार सुमारे ३०२.४ हर्ट्झवर येतो. सप्तकाचे १२०० सेंट धरले, तर हा फरक सुमारे १४ सेंट भरतो. पंचमात हाच फरक जेमतेम २ सेंटचा असतो. म्हणून पेटीचा पंचम खटकत नाही आणि गंधार खटकतो. ऑडॅसिटीत हवा त्या कंपनसंख्येचा नाद निर्माण करता येतो. करवतीच्या दात्यांसारखी लहर निवडून १२० चा खर्ज आणि ३०० चा गंधार एकत्र वाजवावा. दोन्ही नाद शांतपणे एकजीव होतात. मग गंधार ३०२.४ चा करावा. नादात सेकंदाला सुमारे पाच वेळा थरथर ऐकू येते. खर्जातील ६०० चा उपस्वर आणि गंधारातील ६०४.८ चा उपस्वर एकमेकांशी भिडतात, त्याची ही थरथर असते. स्वर 'लागला' म्हणजे काय, हे यापेक्षा थोड्या वेळात समजावून सांगणे कठीण. गणिताच्या शिक्षकांनी या तासिकेला येऊन बसावे, असा हा पाठ आहे.

तिसरा पाठ लयीचा. त्रितालाच्या सोळा मात्रांत ठेका एकदा तिगुणीत म्हणून समेवर यायचे असेल तर कोठून उचलावे, हा परीक्षेतला नेहमीचा प्रश्न. सोळा बोल तिगुणीत सव्वापाचपेक्षा किंचित अधिक, म्हणजे ५ पूर्णांक १/३ मात्रांत बसतात. म्हणून १० पूर्णांक २/३ मात्रा झाल्यावर उचलावे लागते. विद्यार्थी हा अपूर्णांक सोडवितो आणि गुण मिळवितो. संगणकावर मिनिटाला ६० मात्रांची लय ठेवली, म्हणजे एक मात्रा एका सेकंदाची झाली. आता तिगुणीत म्हटलेल्या ठेक्याचे ध्वनिमुद्रण १०.६७ व्या सेकंदाला आणून ठेवावे आणि वाजवावे. उत्तर बरोबर असेल तर समेवर टाळी पडते. चूक असेल तर सम निसटलेली साऱ्या वर्गाला ऐकू येते. शिक्षकाला तांबड्या शाईची गरज उरत नाही. मात्र यानंतर विद्यार्थ्याने हातावर टाळी देऊन, यंत्राविना, तीच तिगुण म्हटली पाहिजे. नाहीतर पाठ अर्धाच राहतो.

चौथा पाठ रागांच्या जोडीचा, आणि सुरुवातीला आलेल्या प्रश्नाकडे तोच नेतो. शिक्षकाने किंवा एखाद्या प्रगत विद्यार्थिनीने भूपाचे तीन मिनिटे आलाप गावेत, नंतर देशकाराचे. दोन्हींचे ध्वनिमुद्रण करावे. प्रात प्रणाली या गायनातील स्वराची उंची क्षणाक्षणाला मोजून त्याची यादी देते. ती यादी हिशेबाच्या तक्त्यात घालून कोणत्या स्वरावर किती वेळ गेला याचे स्तंभचित्र काढता येते. भूपात पूर्वांगाकडे आणि गंधाराकडे झुकणारा भार, देशकारात उत्तरांगाकडे आणि धैवताकडे झुकणारा भार या चित्रांत दिसू लागतो. मारवा, पूरिया आणि सोहनी या त्रयीवरही हाच प्रयोग होऊ शकतो. स्वर तेच सहा; पण मारव्यात कोमल ऋषभ व धैवत, पूरियात गंधार व निषाद, तर सोहनीत तार षड्जाभोवतीचे उत्तरांग बोलू लागते.

येथे एक अनपेक्षित गोष्ट घडते आणि ती स्वागतार्ह आहे. कित्येकदा सर्वांत उंच स्तंभ वादी स्वराचा निघत नाही. षड्जाचा निघतो, कधी पंचमाचाही. एखादा चौकस विद्यार्थी लगेच विचारतो, मग वादी म्हणजे सर्वांत जास्त वेळ राहणारा स्वर, ही व्याख्या बरोबर कशी? या प्रश्नाला शिक्षकाने भिऊ नये. स्वरावर किती वेळ थांबले हे यंत्राने मोजले. परंतु कोणत्या स्वराकडे वाक्य वळते, कोणत्या स्वरावर न्यास होतो, कोणत्या स्वराभोवती चलन फिरते, हे त्याने मोजलेले नाही. विद्यार्थी पुन्हा ध्वनिमुद्रण ऐकू लागतो आणि या वेळी तो वादी शोधत ऐकतो. व्याख्या पाठ असलेला मुलगा व्याख्येवर विचार करू लागला, की शास्त्राची तासिका सार्थकी लागली असे म्हणावे.

दरबारी कानड्याच्या कोमल गंधाराचेही असेच. आलेखावर तेथे आडवी सरळ रेषा दिसत नाही. सावकाश हेलकावे घेणारी लाट दिसते. "हा गंधार नेमका किती हर्ट्झचा?" या प्रश्नाला एक आकडा उत्तर म्हणून देता येत नाही, हे वर्गाला डोळ्यांनी पटते. 'आंदोलित' हा शब्द लिहून जे समजत नव्हते, ते एका लाटेने समजते. जुन्या ध्वनिमुद्रिकांतील वेगवान मींड किंवा तान स्वरांची उंची न बदलता अर्ध्या गतीने ऐकण्याची सोयही संगणकावर आहे. पूर्वी ध्वनिमुद्रिका सावकाश फिरविली की स्वरही खाली उतरत; आता तसे होत नाही.

इतका लाभ सांगितल्यावर धोकेही तितक्याच स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे.

पहिला धोका डोळ्यांचा. पडदा समोर असला की मुले ऐकणे थांबवतात आणि रेषा पाहून गातात. रेषा खाली गेली की आवाज वर उचलायचा, वर गेली की खाली आणायचा. हे गाणे नव्हे, ही नेमबाजी झाली. म्हणून पाठाचा क्रम ठरलेला असावा : आधी ऐकणे, मग गाणे, मग वहीत आपला अंदाज लिहिणे, त्यानंतर पडदा उघडणे, आणि शेवटी पडदा बंद करून पुन्हा ऐकणे. पडद्याची वेळ या पाच पायऱ्यांत चौथी आहे, आणि ती शेवटची नाही.

दुसरा धोका यंत्रात आधीच ठरवून ठेवलेल्या पट्टीचा. परदेशी बनावटीच्या अनेक प्रणाली स्वर मोजताना बारा समान भागांचे सप्तक गृहीत धरतात. तंबोऱ्याशी मिळविलेला अचूक गंधार अशी प्रणाली 'उतरलेला' ठरविते. विद्यार्थ्याने तिच्यावर विश्वास ठेवला, तर तो बरोबर स्वर सोडून चुकीचा स्वर पक्का करील. हा वाद नवा नाही. स्थिर पट्ट्या, मींडेचा अभाव आणि समान भागांची पट्टी या कारणांनी आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ मध्ये अंशतः शिथिल केली. पेटी महाराष्ट्रात थोर वादकांच्या हाती कलेच्या पदाला पोहोचली, हेही तितकेच खरे. वाद्य दोषी नसते. त्याच्या पट्टीला प्रमाण मानणे दोषास्पद असते. म्हणून वर्गात कोणतीही प्रणाली वापरण्यापूर्वी षड्ज आपला ठेवता येतो का आणि स्वरस्थाने बदलता येतात का, हे शिक्षकाने तपासून घ्यावे. गुण देणाऱ्या प्रणालीचे गुण परीक्षेत धरू नयेत.

तिसरा धोका यंत्राच्या चुकांचा. गायनाबरोबर तबला, पेटी आणि तंबोरा एकत्र मुद्रित झाले असतील, तर सामान्य प्रणाली गळ्याचा स्वर हरवून बसते. कधी स्वर एक सप्तक वर किंवा खाली दाखविला जातो आणि रेषा अकारण उडी मारते. यासाठी गायकाने तंबोरा कानातील यंत्रावरून ऐकावा आणि ध्वनिमुद्रण फक्त गळ्याचे करावे, हा साधा उपाय आहे. आणि उडी दिसलीच, तर "येथे गायक चुकला की यंत्र?" हा प्रश्न वर्गापुढे ठेवावा. त्याचे उत्तर कानालाच द्यावे लागते.

चौथा धोका व्यवहाराचा आहे, पण संस्थाचालकांनी तो विसरू नये. पाश्चात्य स्वरलेखनासाठी जगभर वापरली जाणारी 'फिनाले' ही प्रणाली १९८८ मध्ये बाजारात आली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तिच्या निर्मात्यांनी तिचा विकास थांबविल्याचे जाहीर केले. छत्तीस वर्षांच्या काळात ज्यांनी आपले सारे लेखन एकाच प्रणालीच्या स्वरूपात साठविले, त्यांच्यापुढे ते दुसरीकडे हलविण्याचा प्रश्न उभा राहिला. शाळेने ध्वनिमुद्रणे आणि स्वरलिपी कोणत्याही प्रणालीत उघडतील अशा सामान्य स्वरूपात ठेवाव्यात, त्यांची एक प्रत वेगळी जपावी आणि महत्त्वाच्या बंदिशी कागदावरही उतरवून ठेवाव्यात. मुलांच्या आवाजाची ध्वनिमुद्रणे पालकांच्या संमतीविना वर्गाबाहेर जाऊ देऊ नयेत, हेही पथ्य पाळावे.

यासाठी खर्च किती, असा प्रश्न विश्वस्तांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र संगणक लागत नाही. किंबहुना तो नसलेलाच बरा, कारण मग वर्ग एकत्र ऐकत नाही. एक संगणक, एक चांगला ध्वनिक्षेपक, एक साधा मायक्रोफोन आणि भिंतीवर चित्र दाखविण्याची सोय एवढ्यावर काम भागते. प्रात, ऑडॅसिटी आणि लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात तयार झालेले 'सॉनिक व्हिज्युअलायझर' या तिन्ही प्रणाली विनामूल्य आहेत. पैसा खर्च करायचाच असेल, तर तो दोन गोष्टींवर करावा. एक, उत्तम जवारीचा खरा तंबोरा. कारण तंबोऱ्यावाचून वरचा एकही पाठ उभा राहत नाही. दुसरी, शिक्षकांचे प्रशिक्षण; कारण यंत्र काय दाखवीत आहे आणि काय दाखवीत नाही, हे ओळखणारा शिक्षक नसेल तर यंत्र कपाटात धूळ खात पडेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे शिक्षकाच्या खुर्चीवर जाऊन बसेल.

आणि या साऱ्याच्या जोडीला प्रश्नपत्रिका बदलली पाहिजे. जोवर प्रश्न "भूप रागाची माहिती लिहा" एवढाच राहील, तोवर विद्यार्थी पाठच करणार आणि वर्गातला संगणक शोभेची वस्तू ठरणार. त्याऐवजी दोन मिनिटांचे आलाप ऐकवावेत आणि विचारावे : हा भूप की देशकार? हे कोणत्या वाक्यावरून ठरविले? न्यास कोठे झाला? अशा प्रश्नाचे उत्तर मार्गदर्शिकेत सापडत नाही. ते कानातच शोधावे लागते. शाळेच्या अंतर्गत परीक्षेत शास्त्राचे निम्मे गुण अशा ऐकून लिहिण्याच्या प्रश्नांना ठेवण्यास कोणाची आडकाठी नाही. त्यासाठी नव्या अभ्यासक्रमाची वाट पाहण्याचेही कारण नाही. येत्या सहामाहीपासून तो आरंभ होऊ शकतो.

देवलांनी सांगलीत नाद मोजला, भातखंड्यांनी गावोगावी जाऊन ऐकले, पलुस्करांनी वर्गाचे दार सर्वांना उघडले. या तिघांची कामे आजच्या वर्गात एका टेबलावर एकत्र येऊ शकतात, हे संगणकाचे खरे देणे होय. त्याच्या पडद्यावर रेषा उमटेल. पण ती रेषा देशकाराची आहे हे ओळखण्याचे काम मात्र समोर बसलेल्या मुलामुलींच्या कानांचेच राहणार आहे, आणि ते कान तयार करणे हे शाळेचे कर्तव्य आहे.